पहिला आवाज

“ही वेणी घालतीय का दोरखंड वळतीय, देव जाणे.”

ऋजुता हे आईला म्हणाली नव्हती. ती आपल्या डाव्या मनगटाला म्हणाली होती, ओठांतल्या ओठांत. पण सारिकाचा कान त्या वेळी लेकीच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर होता, आणि वीतभर अंतरावरचं पुटपुटणंही ऐकू येणार नसेल तर आई व्हावं तरी कशाला.

“काय म्हणालीस?”

“काही नाही.”

“मनगटाला काय सांगतेस? मला सांग की.”

“तुला नाही गं. असंच.”

“असंच म्हणजे?”

“असंच म्हणजे असंच, आई. रिबीन दे.”

सारिकानं रिबीन दिली. पंधरा वर्षांची पोर, दोन वेण्यांची सक्ती असलेली शाळा आणि सकाळची ही थोडी मिनिटं. सांगलीतल्या त्या फ्लॅटमध्ये आई आणि लेक एकमेकींना हात लावत असतील तर तेवढाच वेळ. पूर्वी वेणी घट्ट झाली की पोरगी किंचाळायची, हात झटकायची, “दुखतंय!” म्हणून आरशातून डोळे वटारायची. आता तक्रारसुद्धा आईच्या वाट्याला येईना. ती जायची मनगटावरच्या त्या करड्या पट्ट्याकडे.

पट्टा काही बोलला नाही. तो बोलत नसेच. बोलला असता तर सारिकानं त्याच्याशी दोन हात तरी केले असते.

त्या पट्ट्याचं नाव ‘पाठराखीण’. पूर्वी लग्न झालेली मुलगी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्यासोबत माहेरची एखादी जाणती बाई जायची. परक्या घरात नवरीला रडू आलंच, तर जवळ एक ओळखीचा आवाज असावा म्हणून. पुण्यातल्या ज्या मंडळींनी हा पट्टा तयार केला त्यांनी हे नाव विचार करूनच ठेवलं होतं. मोबाइल म्हणजे आजच्या पोरांचं सासरच आहे, असं त्यांचं म्हणणं. घर मोठं, माणसं अनोळखी, गोड कोण बोलतंय आणि का बोलतंय ते कळत नाही, आणि माहेरी सांगायची चोरी.

पट्ट्यामागचं शास्त्र तसं सोपं होतं. जाळ्यात सापडलेल्या मुलाला काय करू नये हे माहीत नसतं असं नाही. फोटो पाठवू नये, पत्ता देऊ नये, हे पहिलीतलं पोरही घडाघडा म्हणून दाखवतं. पण पलीकडून कुणी धमकावलं की काळीज धडधडायला लागतं, तळवे घामेजतात, आणि मेंदूचा विचार करणारा भाग चक्क बंद पडतो. जास्त दाब आला की घरातलं बटण खाली पडून अंधार होतो, तसा. त्या अंधारात मूल पलीकडचा सांगेल ते करून बसतं. अशा वेळी उपदेश कामाचा नाही. कामाचा असतो तो आवाज. मेंदूपासून पार पोटापर्यंत उतरणारी एक लांब नस आहे. भरवशाच्या माणसाचा आवाज कानावर पडला की ती नस हृदयाला लगाम घालते. नाडी खाली येते, श्वास लांब होतो, आणि दिवा पुन्हा लागतो.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर गाळ खाली बसून पाणी निवळतं ना, तसं. म्हणून त्या मंडळींनी या मापाला नाव दिलं होतं ‘निवळ’. कुणाच्या आवाजानं मूल किती लवकर निवळतं, हे पट्टा रोजच्या साध्या बोलण्यातून मोजत राहायचा. मुलांचे मेसेज तो वाचत नसे. तेरा वर्षांपुढच्या मुलांचे मेसेज वाचायला आईबापांनाही कायद्यानं बंदी आली होती. तो फक्त बोटांची लय, घाम आणि नाडी बघायचा. मूल घाबरून काही पाठवतंय असं दिसलं की तो मेसेज दहा मिनिटं रोखून धरायचा, आणि तेवढ्यात पहिल्या आवाजाला फोन लावायचा.

पहिला आवाज. सगळं घोडं पेंड खात होतं ते इथंच.

कारण ऋजुताचा पहिला आवाज सारिका नव्हती.

आणि सारिका मगदूम म्हणजे कुणी साधीसुधी आई नव्हती. सांगली, मिरज, तासगाव, जयसिंगपूर, कुठल्याही शाळेत पालकांचा मेळावा असला की ‘मुलांचा मोबाइल आणि आपण’ या विषयावर बोलायला तिलाच बोलावणं असायचं. ती कुठं कॉलेजात हे शिकली नव्हती. रात्र रात्र वाचून, स्वतःच्या हातानं टिपणं काढून शिकली होती. जेवताना फोन उलटा ठेवायचा, झोपताना हॉलमधल्या टोपलीत ठेवायचा, अनोळखी माणसाला ‘हाय’ म्हणायच्या आधी घरातल्या माणसाला सांगायचं. हे सगळं तिच्या घरात घड्याळासारखं चालायचं. बोलायचीही छान. उदाहरणं देऊन, हसवत हसवत. बायका पदराला डोळे पुसत घरी जायच्या आणि पोरांचे फोन टोपलीत ठेवायच्या.

तिच्या घरचा पहिला आवाज होती त्रिशला. तिची नणंद. ऋजुताची आत्या.

हे झालं कसं, याचं सारिकाकडे पक्कं उत्तर होतं. शाळेत पट्टे वाटायचा कार्यक्रम झाला तेव्हा ती पालक समितीची अध्यक्ष म्हणून व्यासपीठावर होती. पट्ट्याच्या नोंदणीची रीत अशी, की पहिला आवाज होणाऱ्या माणसानं पट्टा तोंडाजवळ धरून मुलाचं नाव तीनदा घ्यायचं. सारिकानं पट्टा उचलला. आणि नेमकी पहिल्या रांगेतली कुणाची तरी आजी म्हणाली, “अगं बाई, नाव घ्यायचं म्हणजे बारसंच की हे. आत्या कुठाय हिची?”

सभागृह हसलं. त्रिशला मिरजेहून कौतुकानं आली होती, पेढ्यांचा पुडा घेऊन. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. आता शंभर माणसांत, सासरच्या माणसाचा मान नाकारणारी सून दिसायचं तरी कसं? सारिका मोठ्या मनानं हसली आणि म्हणाली, “या ताई. नावाचा मान तुमचा.”

त्रिशला वर आली. पट्टा लेकराच्या कानासारखा धरून तिनं आधी “कुर्रर्र” केलं, मग “ऋजुता, ऋजुता, ऋजुता” म्हणाली. बाकीच्या बायकांनी बारशाच्या रीतीनं तिच्या पाठीत हलके धपके घातले. टाळ्या पडल्या. सारिकानंही वाजवल्या.

पंधरा वर्षांपूर्वी खऱ्या बारशालाही हेच झालं होतं. सारिकाच्या मनात ‘तन्वी’ होतं. पाळण्याशी वाकून आत्यानं ‘ऋजुता’ सांगितलं. तेव्हाही सारिकानं टाळ्या वाजवल्या होत्या.

त्रिशलाची निवड झाली याचं आणखी एक दुःख होतं, आणि ते बोलायची सोय नव्हती. मोबाइल वापरण्याच्या बाबतीत त्रिशलाताई म्हणजे आनंदीआनंद. नवरा गेल्यापासून एकटी राहायची, मिरजेतल्या एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायची, आणि उरलेला वेळ रील बघायची. जेवताना फोन ताटाला टेकवलेला. आणि तीन वर्षांपूर्वी या बाईनं जहाजावरच्या एका कॅप्टनशी दोन महिने गप्पा मारल्या होत्या. पांढरा गणवेश, निळे डोळे, लग्नाचं वचन. कॅप्टन कुठल्या तरी खोलीत बसलेली चार पोरं निघाली. घरात त्यावर कुणी अवाक्षर काढत नसे.

सारिका मात्र व्याख्यानांत काढायची. नाव न घेता. “आमच्या ओळखीतल्या एक सुशिक्षित बाई,” अशी सुरुवात करून ती कॅप्टनचं इंग्रजी असं काही वाचून दाखवायची की सभागृह लोटपोट व्हायचं. तिचं हे हुकमी उदाहरण होतं.

आणि त्या बाईला पट्ट्यानं निवडलं होतं.

सारिकाला हे कळलं तेही उडत उडत. एका मुंजीच्या पंगतीत त्रिशला सहज म्हणाली, “परवा ऋजीची पाठराखीण वाजली बघ माझ्याकडे. वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी तिच्या नाकावर बोललं होतं. काही विशेष नाही. झालं निवांत.”

“तुमच्याकडे वाजली?”

“मग कुणाकडे वाजणार? मीच नाही का पहिली,” असं म्हणून तिनं जिलेबीचा तुकडा मोडला.

सारिकानं हातातला घास ताटात परत ठेवला. लेकीला नाकावरून कुणी बोललं, ती रडली असेल, आणि आपण पलीकडच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होतो. आपल्याला काय, जेवायला बोलावल्यावर “आले” म्हणणारी पाठमोरी पोरगी तेवढी मिळाली.

त्यानंतर सारिकानं प्रयत्न करून पाहिले. आत्या हाक मारते तशी “ऋजे” हाक मारून पाहिली. पोरगी दारात येऊन थबकली आणि म्हणाली, “आई, बरं नाही का तुला?” पट्टा ऐकत असेल या आशेनं ती उगीच लेकीच्या आसपास वावरून मऊ आवाजात बोलत राहिली. दोडक्याच्या भावापासून आकाशातल्या उपग्रहांपर्यंत. शेवटी ऋजुता कानात इअरफोनची बोंडं घालून बसली. बंद दाराआडून मात्र आत्याच्या फोनवर खिदळणं चालायचं. एकदा तर पोरगी इतकी हसली की तिला ठसका लागला. सारिका पाण्याचा पेला घेऊन दाराशी गेली. दार वाजवायला उचललेला हात तसाच राहिला. आतून आवाज आला, “नको, आई येईल, ठेवते.”

ती पेला घेऊन परत आली. ते पाणी तिनं स्वतःच पिऊन टाकलं.

“अभि, हे बरोबर नाही,” ती नवऱ्याला म्हणाली. अभिनंदन मगदूम हळदीच्या कारखान्यात हिशेब बघायचा आणि घरात शांतता. “आई मी आहे.”

“हो की.”

“मग फोन ताईंकडे का जावा?”

अभिनंदननं पंख्याकडे बघितलं. त्याला अवघड प्रश्न आला की तो पंख्याकडे बघायचा. “तांत्रिक काहीतरी असेल,” तो म्हणाला.

तांत्रिकच होतं. सारिकाची खात्रीच होती. त्या दिवशी मानपान केला नसता तर हे झालंच नसतं. ती विश्रामबागच्या केंद्रावर गेली. तिथं नाझनीन मुल्ला नावाची एक मुलगी बसायची. तिनं ऋजुताची नोंद उघडली.

“बारशामुळं घोटाळा झाला,” सारिका म्हणाली. “नाव आत्यानं घेतलं. त्यामुळं तुमच्या यंत्राला आत्याच पहिली वाटतेय.”

“नाही मॅडम, नोंदणीचा आवाज फक्त सुरुवातीला धरतात. तीन आठवड्यांनी पट्टा स्वतःच ठरवतो. तुमचे आता पाच महिने झाले.”

“म्हणजे?”

नाझनीननं पडद्यावरून नजर काढली आणि सारिकाच्या खांद्यामागच्या भिंतीकडे लावली. “म्हणजे, आता जे आहे ते पट्ट्याचं मत आहे.”

“मी किती नंबरला आहे?”

“ते सांगायची पद्धत नाहीये, मॅडम.”

“मी आई आहे.”

“हो मॅडम. आई म्हणून तुम्हाला हक्काची नोंद करता येते. पहिला आवाज तुम्ही आणि कुलूप. मग पट्टा आपणहून दुसरीकडे जाणार नाही. तुम्ही परवानगी दिली तरच जाईल. पण आम्ही असं करू नका म्हणून सांगतो.”

“का?”

“पट्टा ओळखतो तो आवाज चालतो. आपण दिलेला चालेलच असं नाही.”

“यंत्रांना चूक सुधारायला वेळ लागतो,” सारिका म्हणाली. आपल्या व्याख्यानातलं वाक्यच होतं ते. तिनं अंगठा उठवला.

आता त्रिशलाला सांगणं भाग होतं. सारिका मिरजेला गेली तेव्हा नणंद दुपारच्या सुट्टीत भडंग खात बसली होती. बराच वेळ हवापाणी झालं. मग सारिकानं सांगितलं, की तांत्रिक कारणानं पहिला आवाज बदलावा लागला. समितीची अध्यक्ष म्हणून उद्या कुणी विचारलं तर बरं दिसत नाही.

तिला वाटलं होतं, ताई फणकारतील. मग दोन शब्द बोलता आले असते. पण त्रिशला म्हणाली, “बरं केलंस की. आईच असावी पहिली,” आणि भडंगाची वाटी पुढं केली. “घे. शेंगदाणे वेचून ठेवलेत तुझ्यासाठी.”

जे हिसकावून घ्यायला आपण कंबर कसून यावं ते समोरच्यानं वाटीत घालून द्यावं, यासारखा अपमान नाही. सारिका शेंगदाणे खात राहिली. खारट होते.

“एक सांगू?” निघताना त्रिशला म्हणाली. मग थांबली. “नाही, काही नाही. सावकाश जा.”

ऋजुताला ही बातमी वेणी घालतानाच दिली. आरशात पोरीचा चेहरा क्षणभर कोरा झाला.

“आत्याला चालणारे?”

“त्यांनीच सांगितलं, आईच असावी.”

“बरं,” ऋजुता म्हणाली. त्या दिवशी ती मनगटाशीही काही बोलली नाही.

पुढं काही आठवडे पाठराखीण वाजलीच नाही. सारिकानं त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला. योग्य माणूस योग्य जागी बसलं की घर शांत होतं, असं तिनं कवठेमहांकाळच्या मेळाव्यात सांगूनही टाकलं.

मग तो शनिवार आला. जयसिंगपूरच्या एका शाळेत भर दुपारी मेळावा होता. सभागृह भरलेलं, साडीच्या काठाला माइक अडकवलेला, आणि सारिका कॅप्टनपर्यंत पोचली होती. “तर तो कॅप्टन आमच्या त्या बाईंना लिहितो,” ती म्हणाली, आणि बायका आधीच हसायला लागल्या. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. वर नाव उमटलं, पाठराखीण. खाली, ऋजुता.

खरं सांगायचं तर सारिकाला पहिल्यांदा भीती वाटली नाही. पहिल्यांदा आनंद झाला. लाज वाटावी असा, लख्खकन आलेला आनंद. आपल्याकडे वाजली. ती सभागृहाला म्हणाली, “बघा, बोलता बोलता. माझ्याच मुलीची पाठराखीण.” आणि फोन घेऊन पडद्याच्या कडेला गेली.

“ऋजुता? काय झालं?”

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. फोनच्या कोपऱ्यात नाडीचा आकडा होता, एकशे बत्तीस.

“कुणाशी बोलत होतीस? काय पाठवत होतीस तू?”

एकशे चाळीस.

“खरं सांग मला. मी रागावणार नाही. किती वेळा सांगितलंय, अनोळखी माणसाशी... ऋजुता, फोटो होता का? कसला फोटो?”

एकशे एकावन्न. पडद्यावर बारीक अक्षरं आली, ‘हळू बोला’.

सारिकानं आवाज उतरवला. मेळाव्यात ती जो आवाज काढायला शिकवायची तो काढला, मऊ, सावकाश, शब्दाशब्दात जागा ठेवून. “बाळा, मी आहे ना. दीर्घ श्वास घे.”

आकडा एकशे साठच्या पुढं गेला. तो आवाज पोरीच्या ओळखीचा होता. शंभर माणसांपुढं निघणारा होता तो.

आणि मग पलीकडून ऋजुताचा पहिला शब्द आला, चिरकलेला. “आई, तुझा आवाज घुमतोय. तू स्टेजवर आहेस?”

सारिकानं खाली पाहिलं. काठाला अडकवलेल्या माइकचा दिवा चालू होता. पडद्यापलीकडे सभागृह इतकं गप्प होतं की पंख्यांचा आवाज येत होता.

तिनं माइक ओढून काढला. काठ फाटला. फोनवर नवीन ओळ आली होती, ‘या आवाजानं निवळ होत नाही. दुसऱ्या आवाजाला परवानगी द्यायची?’ खाली रोखलेल्या मेसेजची उलटी मोजणी चालू होती. दहातली चार मिनिटं उरली होती. त्यानंतर पोरगी जे पाठवत होती ते जाणार होतं. कुठं, कुणाकडे, काय, हे आईला ठाऊक नव्हतं.

माणसाचं मन मोठं चमत्कारिक. त्याही क्षणी तिच्या मनात आलं, आणखी एकदा बोलून बघू. यावेळी जमेल. माझीच पोर आहे.

आकडा एकशे अडुसष्ट झाला. सारिकानं ‘हो’ दाबलं.

तिचा आवाज तुटला. आता तिला पलीकडचं काही ऐकू येणार नव्हतं, कायदाच तसा होता. फक्त आकडा दिसत राहणार होता. तो आधी तसाच राहिला. मग एकशे साठ. एकशे चव्वेचाळीस. एकशे बावीस. सारिका फाटका काठ मुठीत धरून, परक्या शाळेच्या धुळकट पडद्यामागं उभी राहून, दुसऱ्या बाईच्या आवाजानं आपल्या लेकीचं काळीज खाली उतरताना बघत होती. प्रत्येक आकड्याबरोबर तिचा जीव भांड्यात पडत होता, आणि प्रत्येक आकड्याबरोबर भांड्याला चरा पडत होता. शहाण्णवला येऊन आकडा थांबला. मोजणी संपायच्या आत ओळ आली, ‘मेसेज रद्द केला आहे’.

ती मिरजेला पोचली तेव्हा उन्हं कलली होती. त्रिशला दवाखान्याची खिडकी बंद करून, सांगलीला जाऊन पोरीला आपल्या घरी घेऊन आली होती. अभिनंदन कारखान्यातून थेट तिथं आला होता. ऋजुता भिंतीला टेकून, आत्याची जुनी शाल पांघरून बसली होती. एवढ्या उकाड्यात.

“तक्रार नोंदवून झालीय,” त्रिशला म्हणाली. “सायबर शाखेत. त्या खात्याचं सगळं दिलंय त्यांना. फोटो गेलेला नाही. आधी एक साधाच होता गेलेला, सहलीतला. त्याला त्यानं यंत्रानं काहीबाही चिकटवलं आणि आणखी मागत होता. पोरगा म्हणून बोलत होता, पोरगा नसणारच.”

“तुम्हाला एवढं सगळं कसं...”

“कॅप्टनच्या वेळी तुडवलेलीच वाट आहे की ती,” त्रिशला म्हणाली. सगळ्यांसमोर तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला. अभिनंदननं पंख्याकडे बघितलं. “ऋजीला सांगितलं होतं मी सगळं. निळ्या डोळ्यांसकट.”

सारिका खाली बसली. लेकीच्या जवळ बसावं की समोर, ते तिला ठरवता येईना, म्हणून ती मध्येच कुठंतरी बसली.

“ताई, फोनवर तुम्ही काय सांगितलंत तिला?”

“काही नाही गं.”

“सांगा ना. मला शिकायचंय.”

हे ऐकून त्रिशलाला कसंनुसं झालं असावं. तिनं शालीचं टोक उगीच सारखं केलं. “काय सांगणार? कुर्रर्र केलं.”

“काय?”

“कुर्रर्र केलं कानात. मला तरी दुसरं काय सुचतंय. मग ती रडली, मग हसली, मग म्हणाली, आत्या मी फसले. म्हटलं, ये, दोघी मिळून क्लब काढू.”

ऋजुता शालीतून हसली. लगेच आईकडे बघून तिचं हसू विझलं. ते विझणं सारिकानं पाहिलं. इतकी वर्षं ते होत असणार, आणि तिनं त्याला वळण म्हटलं होतं, शिस्त म्हटलं होतं.

“चला, पानं घेते,” त्रिशला उठली. “दिवस बुडायला आलाय.” त्या घरात सूर्य मावळल्यावर जेवत नसत. “भाकरी केलीय, मुगाची आमटी आहे.”

“थांबा ताई. एक कळत नाही मला.” सारिका लेकीकडे वळली. तिनं कुठलाच आवाज काढायचा नाही असं ठरवलं होतं. त्यामुळं जो निघाला तो जरा घोगरा होता. “पहिला फोटो साधा होता. चिकटवलेलं खोटं होतं, हे तुलाही माहीत होतं. मग तू दुसरा पाठवायला तयार का झालीस? त्यानं असं काय धमकावलं?”

ऋजुतानं शाल आणखी ओढून घेतली.

“शाळेत पाठवेन म्हणाला? सगळीकडे टाकेन म्हणाला?”

“जेवण झाल्यावर बोलू की,” त्रिशला म्हणाली.

“अभि, तुला माहितीये?”

अभिनंदन पंख्याकडे बघायला मान वर करणार होता. पण निम्म्यातच थांबला, आणि खाली, आपल्या पायांच्या बोटांकडे बघत राहिला.

सारिकानं एकेकाचा चेहरा पाहिला. सगळ्यांना ठाऊक होतं. नाझनीनलाही ठाऊक असणार, भिंतीकडे बघताना. पट्ट्याला तर पहिल्यापासून.

“ऋजुता,” ती म्हणाली. “मी हे कुठं सांगणार नाही. स्टेजवर, कुणाला, कधीच. सांगू नकोस म्हणालीस तर विचारणारही नाही.”

स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेवटचं ऊन ताटांवर आलं होतं. त्रिशला आमटीचा डाव हातात धरून तशीच उभी राहिली. ऋजुतानं मनगटावरच्या पट्ट्याकडे बघितलं, जणू त्याच्याशीच बोलायचं होतं. मग तिनं मान वर केली आणि पहिल्यांदाच सरळ आईकडे बघत म्हणाली,

“त्यानं दुसरं काही म्हटलंच नाही, आई. ‘तुझ्या आईला सांगेन,’ एवढंच म्हणाला.”